रोज चालल्याने वजन उतरते का?

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत या विषयासमोर कृषिविद्या विभागातल्या माणसाचे नाव पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. पिकाला किती दिले, पिकाने किती घेतले, किती वाया गेले, याचा ताळेबंद मांडणे हे आमच्या शास्त्राचे काम. शरीराच्या वजनाचा प्रश्नही बराचसा ताळेबंदाचाच आहे. शिवाय अलीकडे कुठल्याही चर्चासत्रानंतर खताच्या मात्रेबरोबर हा प्रश्न हटकून येतो. "सर, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. दोन महिने झाले, पहाटे उठून चालतोय. काटा काही हलत नाही. चालण्यानं खरंच वजन उतरतं का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. उतरते, पण थोडे. आणि ताटात काहीच बदल केला नाही तर बहुतेकांचे म्हणण्यासारखे उतरत नाही. असे असूनही चालणे सोडू नये, असेच मी सांगणार आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. त्या तशा का नाहीत, हे समजण्यासाठी थोडे आकडे पाहावे लागतील. आकड्यांना आपण घाबरत नाही. हेक्टरी किती किलो नत्र द्यायचे आणि त्यासाठी युरियाच्या किती गोण्या लागतील, हा हिशेब आपण बांधावर उभे राहून करतो. हा त्याहून सोपा आहे.

खर्चाची बाजू

अन्नातून मिळणारी आणि कामात खर्च होणारी शक्ती उष्मांकांत, म्हणजे कॅलरीत, मोजतात. ७० किलो वजनाचा प्रौढ पुरुष दिवसभर नुसता पडून राहिला, तरी श्वास, हृदय, मेंदू, पचन आणि शरीराची ऊब यांवर त्याचे दीड हजाराहून अधिक उष्मांक खर्च होतात. हा स्थिर खर्च. त्यावर कामाचा खर्च चढतो. हाच माणूस सपाट रस्त्यावर तासाभरात ५ कि.मी. चालला, तर बसून राहण्यापेक्षा त्याचे सुमारे १७५ ते २०० उष्मांक जास्त जळतात. शरीरावरील एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठवलेले असतात. भागाकार केला तर एक किलो चरबी उतरवायला रोज एक तास याप्रमाणे चाळीस ते पंचेचाळीस दिवस चालावे लागेल. वर्षाला आठ किलो!

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात असे होत नाही. पावले मोजण्याचे यंत्र कमरेला लावून चालणाऱ्या, पण आहार न बदलणाऱ्या लोकांवर झालेल्या नऊ अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ३०७ माणसे होती. सरासरी घट भरली सव्वा किलोच्या आसपास. काहीच नाही असे नव्हे, पण आठ किलोच्या आशेने बसलेल्या माणसाची यात निराशाच होणार.

मग बाकीचे उष्मांक गेले कुठे? पहिले कारण भूक. चालून आले की दोन घास जास्त जातात, आणि ते गेलेले आपल्याला कळतही नाहीत. दुसरे, सकाळी तासभर चाललो या समाधानात माणूस उरलेला दिवस जास्त बसून काढतो. तिसरे कारण मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते. टांझानिया देशात हाडझा नावाचे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. ते रोज मैलोन् मैल चालतात. हर्मन पॉन्टझर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसाचा एकूण शक्तिखर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचे आकारमान लक्षात घेता तो अमेरिकेतल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या खर्चाएवढाच निघाला. अंगमेहनत वाढली की शरीर इतर ठिकाणी काटकसर करते, असा अर्थ त्यांनी लावला. विहिरीचे पाणी कमी झाले की आपण एखादे पीक तोडतो आणि बागेला पाणी राखतो, त्यातलाच हा प्रकार. ही काटकसर किती होते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मात्र चाललेले सगळे उष्मांक काट्यावर दिसत नाहीत, एवढे नक्की.

याचे आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे आषाढी वारी. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे कि.मी. पडते. ७० किलोच्या वारकऱ्याचे या वाटचालीत नऊ-दहा हजार उष्मांक जास्त खर्च होतात. म्हणजे चरबीच्या हिशेबात सव्वा किलो. अडीचशे कि.मी. चालून सव्वा किलो! आणि वाटेवरच्या गावांनी प्रेमाने वाढलेले पिठले-भाकरी, लाडू आणि दर मुक्कामाचा चहा यांत तेही भरून निघू शकते. वारी वजनासाठी कोणी करत नाही हे खरेच. पण पायांनी किती जळते आणि तोंडाने ते किती लवकर परत येते, हे यातून कळते.

एका एकराला किती चाल पडत होती

आता आपल्या रानातला हिशेब करू. बैलाच्या लोखंडी नांगराचा तास २० सें.मी. रुंद धरा. एक एकर म्हणजे ४,००० चौरस मीटर. त्याला ०.२० ने भागले की २०,००० मीटर, म्हणजे २० कि.मी. होतात. एक एकर नांगरायला नांगरामागचा माणूस २० कि.मी. चालत असे, आणि यात वळणे धरलेली नाहीत. पुढे ६० सें.मी. फासाच्या कुळवाच्या दोन पाळ्या म्हणजे १३ कि.मी. दीड-दीड फुटांवर पेरणारी तीन फणांची पाभर म्हणजे ३ कि.मी. त्याच अंतरावर एका कोळप्याने एक कोळपणी म्हणजे ९ कि.मी. बेरीज ४५ कि.मी. झाली. पाच एकर कोरडवाहू स्वतः कसणारा शेतकरी एका खरिपात सव्वादोनशे कि.मी. चालत होता. म्हणजे तो जवळजवळ वारीएवढे अंतर आपल्याच रानात, ढेकळांतून, हाताने अवजार दाबत चालत होता. वैरण, पाणी, बाजार आणि राखण यांची चाल वेगळीच.

आज ही चाल कुठे गेली? नांगरट आणि रोटाव्हेटर ट्रॅक्टरवर, पेरणी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने, कोळपणीच्या जागी तणनाशक. ठिबकचा एक व्हॉल्व्ह फिरवला की बारे मोडायचे काम नाही. मोटार चालू करायलाही विहिरीवर जावे लागत नाही, मोबाईलवरून चालू होते. घरापासून रान दीड कि.मी. असले तरी मोटरसायकल बांधाला लावूनच आपण खाली उतरतो. मी यातल्या कशालाही नावे ठेवत नाही. आमचे विद्यापीठच ही अवजारे आपल्याकडे घेऊन आले आणि त्यांनी मजुरीचा, वेळेचा, पाठीच्या कण्याचा मोठा त्रास वाचवला. बैल परत आणा असा सल्ला देणारा माणूस बहुधा नांगरामागे चाललेला नसतो.

प्रश्न दुसरीकडे आहे. उन्हाळी नांगरटीत आपण बैलाला पेंड आणि भरडा वाढवत होतो. पेरण्या उरकून बैल दावणीला बसला की तोच खुराक कमी करत होतो. कोणी कृषी पदवीधर सांगायला आला नव्हता; बसल्या बैलाला कामाचा खुराक घालू नये, हे घरातल्या पोरालाही ठाऊक होते. स्वतःच्या बाबतीत मात्र दावणीला बसल्यावरही नांगरटीचाच खुराक चालू ठेवला. आमच्या घरी २००४ साली ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी विकली. वडील तेव्हा चाळिशीत होते. दुपारच्या तीन भाकरी तीनच राहिल्या, आणि वेळ मोकळा झाल्याने चावडीवरचा चहा वाढला. पोट पुढे आले त्याला घरात सगळे 'बरकत' म्हणत. दहा वर्षांनी पायाची एक जखम भरेना म्हणून रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ग्रामीण भागातले प्रमाण प्रौढांत शंभराला सुमारे नऊ आहे. मधुमेह हा शहरातल्या शेठ लोकांचा रोग, ही समजूत आता टाकून द्यावी.

जमेची बाजू : ताट

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ उष्मांक असतात. आपली हातावरची भाकरी ७५ ग्रॅम पिठाची धरली तर एका भाकरीचे अडीचशे होतात. बाजरीचे थोडे जास्त, गव्हाचे किंचित कमी. धान्य बदलल्याने या हिशेबात फार फरक पडत नाही, एवढे लक्षात ठेवा. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्वारी पोटाला आणि जमिनीला चांगलीच आहे, मी तिचाच माणूस आहे. पण चार भाकरी म्हणजे हजार उष्मांक, मग त्या कशाच्याही असोत.

म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा ७० ते ९० उष्मांकांचा होतो. घरी दोन, रानात एक, दूध संघावर एक, कोणी पाहुणा आला की एक. पाच कपांचे चारशे झाले. म्हणजे दोन तासांची पायपीट चहातच संपली. मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे १७० उष्मांकांचे. वडापाव तीनशेच्या आसपास. बाजाराच्या दिवशी एस.टी.ची वाट पाहताना खाल्लेला एक वडापाव उतरवायला दीड तास चालावे लागते.

सर्वांत लपून बसणारी वस्तू म्हणजे तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम पडते. तेलाच्या एका ग्रॅमचे ९ उष्मांक. म्हणजे ३४० उष्मांक नुसत्या तेलाचे. भगिनींना माझी विनंती आहे की डबा कधी उघडला आणि कधी संपला याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पाच लिटरचे साडेतीन लिटरवर आले तर माणशी शंभर उष्मांक रोज वाचतात, आणि ताटातला एकही पदार्थ कमी होत नाही. उपवासाबद्दलही बोलले पाहिजे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा घालून केलेली ताटभर खिचडी नेहमीच्या जेवणावर मात करते. एकादशी अन् दुप्पट खाशी, असे आपल्याकडे म्हणतातच.

याचा अर्थ उपाशी राहा असा नाही. एकदम निम्मे जेवण तोडले की चरबीबरोबर अंगातले मांसही उतरते, अशक्तपणा येतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा पूर्वीपेक्षा जास्त खाणे सुरू होते. दोन वेळच्या जेवणात मिळून एक भाकरी कमी करा. तिच्या जागी डाळ, उसळ, मेथी-अंबाडीसारखी पालेभाजी, काकडी, ताक वाढवा. चहाचे पाचाचे दोन करा, साखर निम्मी करा. एवढ्याने तीनशे-चारशे उष्मांक सहज वाचतात. त्याला रोजच्या तासाभराच्या चालण्याची जोड दिली तर महिन्याला एक-दीड किलो घट बहुतेकांना साधते. यापेक्षा जलद वजन उतरवून देण्याची हमी देणाऱ्या चूर्णांवर आणि डब्यांवर पैसे घालवू नका. बियाण्याच्या पिशवीवर लेबल पाहिल्याशिवाय आपण पैसे देत नाही, मग पोटात घालायच्या वस्तूवर का द्यावेत?

वजन उतरले नाही तरी चालायचे कशासाठी

हा आजच्या विषयाचा खरा गाभा आहे. काटा हलत नाही म्हणून चालणे सोडणारे फार आहेत, आणि त्यांचेच अधिक नुकसान होते.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. आपण जसा नियंत्रण वाफा ठेवतो तसा एक गट काहीही उपचार न करता ठेवला. दुसऱ्या गटाला साखर, तेल-तूप आणि मैद्याचे पदार्थ कमी करायला आणि रोज किमान ३० मिनिटे भरभर चालायला सांगितले. जे आधीच अंगमेहनतीचे काम करत होते, त्यांना तेच चालू ठेवायला सांगितले. तीन वर्षांत उपचार नसलेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह जडला. दुसऱ्या गटात ३९ जणांना. आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! काट्याने दाखवले नाही, पण शंभरात सोळा माणसे तेवढा काळ तरी मधुमेहापासून वाचली.

असे का होते? चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. चालणे थांबल्यावरही काही तास हे स्नायू साखरेला अधिक चांगला प्रतिसाद देतात. शिवाय नियमित चालण्याने रक्तदाब थोडा उतरतो, झोप सुधारते, आणि पोटाच्या आतली चरबी कमी होऊ लागते. ही चरबी सर्वांत घातक. आपल्या लोकांत तर ती हडकुळ्या माणसातही लपलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के भरली, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. तेव्हा 'माझे वजन साठच आहे, मला काय होणार' असे म्हणणाऱ्याने आधी पोट मोजावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याची टेप फिरवा. पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी. ही आपल्याकडची मर्यादा. चालणाऱ्याने काट्यापेक्षा या टेपवर जास्त विश्वास ठेवावा. वजन जागचे हलत नसतानाही दोन-तीन महिन्यांत करगोटा सैल झालेला पुष्कळांना जाणवतो.

दुसरा उपयोग असा की उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात चालण्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत १९९४ पासून, साडेतेरा किलो किंवा अधिक वजन उतरवून ते वर्षभराहून जास्त टिकवणाऱ्या लोकांची नोंदवही ठेवली आहे. त्यांतल्या बहुतेकांचा नेहमीचा व्यायाम चालणे हाच आहे. वजन उतरवण्याचे काम मुख्यतः ताटाचे आणि टिकवण्याचे पायांचे, अशी मी तरी विभागणी करतो.

किती, केव्हा, कसे

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. वजनाचा हेतू असेल तर रोज तासाभराकडे जावे. भरभर म्हणजे शेजाऱ्याशी बोलता येते, पण अभंग म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. रोज दहा हजार पावले हा आकडा मोबाईलमुळे घरोघरी पोहोचला आहे. तो मूळचा संशोधनातला नव्हेच. १९६५ साली जपानमधील एका कंपनीने विकलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे नाव 'दहा हजार पावले' असे होते, तिथून तो आला. अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर स्त्रियांच्या पाहणीत, २०१९ साली, साडेचार हजार पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा लाभ दिसला नाही. तेव्हा आकडा पुरा झाला नाही म्हणून खंत करू नये.

आपल्याकडची शतपावली ही प्रथा मला फार मोलाची वाटते. फक्त तिचे माप वाढवले पाहिजे, कारण शंभर पावले म्हणजे जेमतेम सत्तर मीटर. साखर वाढलेल्या वृद्धांवरील २०१३ च्या एका अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याची तुलना सकाळी एकदम पाऊण तास चालण्याशी केली. माणसे दहाच होती, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात पंधरा मिनिटांचे चालणे सरस ठरले. ज्यांना एकदम तास मिळत नाही त्यांनी जेवणानंतरचे तुकडे पाडावेत.

जागेचे निमित्त शेतकऱ्याने सांगू नये. एक एकराचा चौकोनी तुकडा असेल तर त्याची एक बाजू ६३ मीटर भरते. बांधाने पूर्ण फेरी सुमारे अडीचशे मीटर, चार फेऱ्यांचा एक कि.मी. मोटरसायकल घरी ठेवून रानात पायी गेलात तर निम्मे काम वाटेतच होते. मात्र कामगंध सापळे पाहत, पाने उलटत केलेली फेरी ही निरीक्षणाची फेरी. ती हवीच, पण तिचा वेग चालण्याचा नाही. दोन्ही वेगळ्या करा. सकाळी-संध्याकाळी गवतातून जाताना बूट आणि बॅटरी हवी, सापाचा धोका आपल्याला सांगायला नको. डांबरी रस्त्यावर चालणार असाल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चाला. गुडघे दुखत असतील तर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हाताला कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, असे काही झाले तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा, घरी जाऊन सोडा प्यायचा नाही.

वजन करायचे तर आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी, काही खाण्यापूर्वी. चालून घामेजून आल्यावर काटा अर्धा किलो कमी दाखवतो तो पाण्याचा. ओले सोयाबीन वाळवले की पोत्याचे वजन घटते, पण त्यात दाणा घटलेला नसतो, तसेच हे. आणि ज्यांच्या भागात शेतीपंपाला अजून रात्रीची वीज मिळते, त्यांनी पहाटे चारला झोपून सहाला चालायला उठण्याचा हट्ट करू नये. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. त्या आठवड्यात संध्याकाळी चाला.

एका भगिनीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे : "मी दिवसभर खुरपणीला जाते, घरचेही सगळे करते. मला वेगळे चालायला हवे का? आणि तरी वजन का वाढते?" खुरपणी, कापणी, वैरण आणणे ही सगळी मेहनतच आहे आणि ती मोजली जाते. चेन्नईच्या प्रयोगातही अशा लोकांना वेगळे चालायला लावले नव्हते. तुमच्यासाठी चालण्यापेक्षा ताट, तेल आणि झोप यांकडे आधी पाहावे. घरातले उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून शेवटी बसणाऱ्या बाईच्या पोटात जाते, हेही वजन वाढण्याचे एक कारण आपल्या घरांत आहे. ते बदलायला घरातल्या पुरुषांनीही हातभार लावावा. तरीही वजन चढत असेल, अंगावर सूज आणि थकवा असेल, पाळी बिघडली असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. उलट, काहीही न करता कोणाचे वजन झपाट्याने उतरत असेल तर पेढे वाटू नका. मधुमेह आणि क्षयरोग दोन्ही तसेच सुरू होऊ शकतात, थुंकी आणि रक्त तपासा.

ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी चालण्याचा वेळ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण औषधाचे प्रमाण कमी करावे लागू शकते. चालताना खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा ठेवावा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच तोंडात टाकावा. अनवाणी अजिबात चालू नये, नेमाच्या दिवशीही नाही. आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगावेत. काटा, फोड किंवा भेग दिसली तर दुसऱ्या दिवशी शेताऐवजी आरोग्य केंद्रात जावे.